माथ्याची रेघ

भिंतीवर नाटकाची जाहिरात दिसली की लोक आधी नाटकाचं नाव वाचतात, मग नटाचं, मग वार. माझं तसं होत नाही. माझी नजर आधी अक्षरांच्या माथ्यावरच्या रेघेवर जाते, आणि ती तुटलेली दिसली की तळपायाची आग मस्तकात जाते. बरोबर कोणी शेजारीण असली तर ती हटकून म्हणते, "काय सुबक अक्षर आहे नाही? एवढ्याशा जागेत केवढं मावलंय!" मी गप्प बसते. बोलायला लागले तर बाजार बाजूला राहील आणि भाजी सुकेल. म्हणून हे एकदाचं लिहून काढते आहे. ज्याला सुबक म्हणायचंय त्यानं हे वाचून मग खुशाल म्हणावं.

आम्ही तेव्हाही ठाकूरद्वारला याच वाडीत राहत होतो. ट्रामला तेव्हा घोडे होते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथेही मी 'हे' असंच म्हणणार. हे पिढीजात सुतार, रत्नागिरीकडचे. मुंबईत आले ते दारं-खिडक्या करायला. जवळच्याच एका छापखान्यात कुणाच्या तरी हातून लाकडाचं एक मोठं अक्षर पडून फुटलं, आणि मालकांनी यांना बोलावून विचारलं, असंच दुसरं होईल का? यांनी करून दिलं. ते इतकं जमलं की मालकांना जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते ओळखता येईना. त्यानंतर दारं-खिडक्या मागे पडल्या.

पुस्तकातली बारीक अक्षरं शिशाची असतात. भिंतीवरच्या जाहिरातीची वीतभर उंच अक्षरं शिशाची केली तर उचलायला पैलवान लागेल, म्हणून ती लाकडात कोरतात. कोरायची ती उलटी, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. माझ्या वडिलांनी मला चार इयत्ता शाळेत घातलं होतं, त्यामुळे मला वाचता येत होतं. पण उलटं वाचायला मी यांच्या शेजारी बसूनच शिकले. पुढे पुढे तर सुलटं अक्षर मला क्षणभर परकं वाटायचं. यावरून हे माझी फार थट्टा करत.

तर एका वर्षी मालकांनी यांना बोलावलं. गिरगावात मोकळी भिंत आहे कुठे? दोन दारांमधला खांब, वाडीच्या दिंडीची, म्हणजे दरवाजाची, बाजू, दुकानाच्या फळ्यांशेजारची पट्टी, एवढीच काय ती जागा. जाहिरातीचे कागद त्यामुळे लांबट आणि अरुंद. आणि नाटकांची नावं पाहाल तर मारुतीच्या शेपटासारखी. छापखान्यातली जुनी अक्षरं मांडी घालून बसलेली. ती लावली की एक नाव दोन-तीन ओळींत तुटायचं. मालक यांना म्हणाले, "मिस्त्री, उंच अक्षर पाहिजे. उंच, आणि अंग चोरून उभं राहिलेलं. पण काळंभोर पाहिजे हं. ट्रामीत बसलेल्या माणसाला दिसलं पाहिजे."

सांगायला काय जातं! इंग्रजी अक्षरांना हे सोपं, त्यांच्या डोक्यावर ना रेघ ना मात्रा. आपलं अक्षर जाड करा आणि वर दोन्ही बाजूंनी दाबा, की त्याचं पोट बुजतं. 'श'ची गाठ होते, 'क्ष' म्हणजे नुसता शाईचा डाग. दुसऱ्या एका कारागिरानं तसं करून दिलं होतं, ते मी पाहिलं आहे. 'भक्त' छापलं की कुणीतरी कागदावर पाय दिल्यासारखं दिसायचं.

यांनी सबंध पावसाळा त्यात घातला. हेदीचं पिवळं, बारीक रव्याचं लाकूड आणून आधी ते चुलीच्या वरच्या माळ्यावर वाळवलं. अक्षर आधी फरशीवर कोळशानं काढायचं. मी पोळपाटाशी, हे फरशीशी. यांची युक्ती अशी होती की उभे काने जाड ठेवायचे आणि जिथे रेषा वळते किंवा कान्याला मिळते तिथे ती एकदम बारीक करायची. म्हणजे दुरून अक्षर काळंच दिसतं, पण आत वारा खेळतो. प्रत्येक कान्याच्या तळाशी एक लहानशी टाच ठेवलेली, त्यामुळे एवढं उंच अक्षर असूनही ते पडेल असं वाटायचं नाही. पोट पुरेसं मोकळं आहे की नाही हे पाहायला हे माझ्या डब्यातले मसूर घ्यायचे. ज्या पोटात मसुराचा दाणा आडवा मावत नाही तिथे शाई साचणार, असा यांचा हिशेब. किती वेळा आमटीला फोडणी दिल्यावर माझ्या लक्षात आलं की मसूर डब्यात नाहीत, ते 'ख'च्या आणि 'ण'च्या पोटात आहेत. मी ओरडले की हे म्हणायचे, "थांब गो, हा एवढा 'भ' जेवू दे."

आणि सगळ्यात मोठी गोष्ट माथ्याची रेघ. प्रत्येक अक्षराची रेघ लाकडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला पाहिजे, आणि कड गुण्यात, म्हणजे नेमकी काटकोनात, पाहिजे. तसं असलं म्हणजे अक्षरं शेजारी शेजारी लावली की रेघ एकसंध उमटते, मध्ये केसाची फट दिसत नाही. हे प्रत्येक अक्षर दुसऱ्या प्रत्येक अक्षराला लावून, उजेडासमोर धरून पाहायचे. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. "माथं तुटलं की शब्द मेला," असं हे म्हणत. शब्दाबद्दल एवढं बोलणारे हे, एरवी दिवसातून चार वाक्यं बोलले तर पुष्कळ.

त्या अक्षरांची पहिली जाहिरात लागली तेव्हा लोक थांबून पाहत होते, हे मी खिडकीतून पाहिलं आहे. आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यामुळे पुढचं सगळं मला एवढं लागलं. टायप ओतण्याचा एक मोठा कारखाना होता. त्याच्या मालकानं ती जाहिरात पाहिली आणि छापखान्यात निरोप धाडला: दिवाळी झाली की मी स्वतः येतो, ह्या अक्षरांचा सबंध संच नमुना म्हणून पाहतो, आणि त्याच वळणाचे साचे करून धातूची, पण आतून पोकळ आणि हलकी, अक्षरं ओततो. म्हणजे लाकडाचा एकच संच एका छापखान्यात झिजून जायचा, तो आता शेकड्यांनी निघणार होता. ज्याला पाहिजे त्यानं विकत घ्यावा.

हे घरी आले, चहाटळासारखे हसत होते. मला वाटलं, भांग तर नाही घेतली कुठे. म्हणाले, "नागपुरात जाईल. बेळगावात जाईल. जिथं जिथं मराठी छापतात तिथं जाईल गो आपलं अक्षर." 'आपलं' म्हणाले. माझा त्यात वाटा काय, मसूर. पण मला तो शब्द फार बरा वाटला.

म्हणजे दिवाळीपर्यंत तो संच धड राहायला हवा होता. इतकंच. कुणी काही करायचं नव्हतं, फक्त जे होतं ते मोडायचं नव्हतं.

नवमीला छापखान्यात पूजा असे. सुतारानं वाकस-किंकरं पुजावी, शेतकऱ्यानं नांगर, तसं छापखान्यात यंत्र आणि अक्षरं पुजतात. त्या वर्षी मालकांनी मला मुद्दाम बोलावणं पाठवलं. "वहिनींच्या हातून पूजा होऊ दे, मिस्त्रींचं अक्षर छापखान्याला लाभलंय," असा निरोप. मी नऊवारीचा घोळ सावरत गेले. सगळा संच पाटांवर ओळीनं मांडला होता. यंत्राला झेंडूची माळ, चाकाला आंब्याचं डहाळं. शाईनं काळ्या झालेल्या एकेका अक्षराच्या माथ्यावर मी हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. खिळे, म्हणजे छापायची अक्षरं, जुळवणारे सगळे लोक, त्यांचा मुख्य, स्वतः मालक, सगळे हात जोडून उभे होते. मालकांचे तर डोळे मिटलेले. पूजेनंतर त्या दिवशी अक्षरांना कुणी हातसुद्धा लावायचा नसतो, इतकं सोवळं. मी पेढे घेऊन घरी आले, आणि वाटेत मनात म्हटलं, माणसं चांगली आहेत.

चांगली! मला अजून माझ्या त्या भोळेपणाचा राग येतो.

दसऱ्याला नाटक मंडळीचे व्यवस्थापक सोनं द्यायला छापखान्यात आले. मंडळींचं नवं नाटक लागणार होतं. त्यांच्या मुख्य नटाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला त्याच्या वाट्याची शाई मिळून चुकली आहे. मागच्या जाहिरातीत त्याच्या नावामागे 'रा. रा.' असं छापलं होतं. साऱ्या जगाला रा. रा. म्हणतात. पत्रात म्हणतात, लग्नपत्रिकेत म्हणतात, कलेक्टर कचेरीतल्या मोठ्या शिरस्तेदाराला म्हणतात. पण ह्या नटाला त्याचा राग आला. दुसऱ्या कुठल्या मंडळीनं आपल्या नटाला म्हणे 'राजमान्य राजश्री' असं अख्खं छापलं होतं. मग ह्याला नको? तेही एका ओळीत, नावासकट, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात. ओळ तोडली तर मान तुटला. तसं छापलं नाही तर स्वारी रंगभूमीवर पाऊल ठेवणार नाही.

आता कागद अरुंद. अक्षर यांनी जेवढं अरुंद करता येईल तेवढं केलेलं. तरी ती ओळ मावेना. थोडक्यासाठी मावेना. आता ज्याला डोकं आहे तो काय करील? 'रा. रा.' लिहील. नाहीतर एका ओळीच्या दोन करील. नाहीतर एक धाकटं अक्षर घेईल. पण नाही. आमच्या लोकांना काय वाटेल ते सुचेल, पण मानाच्या शब्दातलं एक अक्षर गाळायचं म्हटलं की सगळ्यांच्या हातापायांतलं बळ जातं. मालक व्यवस्थापकांना कसं सांगणार? व्यवस्थापक नटाला कसं सांगणार? सांगायचं कुणी, ह्यावर म्हणे दुपारभर चर्चा झाली. आणि शेवटी जे काहीच बोलू शकत नाही त्याच्यावर सगळं शेकलं. मुख्यानं करवत आणली आणि त्या ओळीत लागणाऱ्या एकेका अक्षराच्या दोन्ही कडा कापून टाकल्या.

हे सगळं मला मागाहून कळलं. आधी कळलं ते असं. दसऱ्यानंतर हे 'झे'ची मात्रा बदलून द्यायला छापखान्यात गेले होते. दुपारच्या जेवणाला परत आले आणि दारातच बसले. मी म्हटलं, पाय धुवा, पान वाढलंय. उठेनात. पंच्याची पुरचुंडी होती हातात, ती माझ्यापुढे धरली. मला वाटलं शेवग्याच्या शेंगा आणल्या. उघडून पाहते तर लाकडाच्या पातळ चिपा. हेदीच्या पिवळ्या चिपा, एका कडेला काळी शाई, आणि त्या शाईवर माझ्या बोटानं लावलेलं कुंकू. तसंच. पुसायचेसुद्धा श्रम घेतले नव्हते.

"कचऱ्यात पडली होती," हे म्हणाले. "म्हटलं, पायाखाली नको."

मी विचारलं, करवत सरळ तरी चालवली का? हे म्हणाले, "वरून जास्त गेलीय, खालून कमी." म्हणजे काय ते मला लगेच कळलं. अशी दोन अक्षरं शेजारी उभी केली की पाय पायाला लागणार आणि डोकी एकमेकांपासून दूर राहणार. माथ्याची रेघ जुळणारच नाही. ज्या रेघेपायी यांनी पावसाळाभर उजेडापुढे डोळे फोडले, तीच नेमकी गेली.

पान तसंच राहिलं. मी पदर खोचला, पुरचुंडी उचलली आणि छापखान्यात गेले. बाईमाणसानं बोलावल्याशिवाय तिथे जायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मला ते आठवलं नाही असं म्हणणार नाही. आठवलं, आणि मी गेले.

मालक गादीवर बसून कसला तरी कागद तपासत होते. मी पुरचुंडी त्यांच्या डेस्कावर उलटी केली.

"अरे, वहिनी, आपण इथे?" ते चपापले.

"हे काय आहे?"

त्यांनी पाहिलं. म्हणाले, "लाकडाचे तुकडे दिसतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "नवमीला तुम्ही मला बोलावून ह्या तुकड्यांना कुंकू लावून घेतलंत. तेव्हा हे तुकडे नव्हते."

"वहिनी, ती पूजेची पद्धत आहे. आणि हे काम आहे. कामात थोडं इकडे-तिकडे होतं."

"थोडं? 'रा. रा.' छापलं असतं तर आभाळ कोसळलं असतं का?"

"मोठ्या माणसाचा मान असतो. तो आखडता घेऊन कसं चालेल?"

"मान आखडत नाही आणि लाकूड आखडतं?"

तोपर्यंत खिळे जुळवणारे हातातलं काम टाकून बघत होते. मालकांना ते आवडलं नसावं. त्यांचा आवाज बदलला. "हे पाहा, लाकूड छापखान्याचं आणि अक्षरंही छापखान्याची. मिस्त्रींनी काम करून दिलं, तिथे त्यांचा संबंध संपला. त्यांची तक्रार असेल तर त्यांनी यावं."

"ते येणार नाहीत. त्यांना तक्रार करता येत नाही, म्हणून तर तुमचं साधतं."

एवढं बोलून मी निघाले. चिपा तिथेच ठेवल्या. पायऱ्या उतरताना मागे कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं.

हे मात्र त्या संध्याकाळी स्वतःहून मालकांकडे गेले. भांडायला नाही. कापलेली अक्षरं मला परत द्या, दिवाळीआधी नवी करून देतो, नमुना पाहायला माणूस येईल तेव्हा संच पुरा असेल, एवढंच सांगायला. माळ्यावर हेदीचे थोडे तुकडे उरले होते, त्यात भागलं असतं. मालक म्हणाले, हंगाम आहे, अक्षरं यंत्रावर आहेत, आणि चालताहेत की! कुणाची तक्रार आली का? 'चालताहेत' हा शब्द मी तेव्हापासून घरात कुणाला वापरू देत नाही. लंगडा माणूसही चालतो.

दिवाळी झाली. टायपांच्या कारखान्याचे मालक आले. यांना बोलावणं होतं, कारण अक्षरांचे खण उघडून दाखवायला कोणी तरी हवं. तो गृहस्थ, हे सांगत, जाणकार होता. एकेक अक्षर हातात घेऊन फिरवत होता, टाचेवरून नख फिरवत होता. मग त्यानं एक ओळ लावायला सांगितली. रेघेतल्या फटी पाहून तो थांबला. यांच्याकडे वळून म्हणाला, "मिस्त्री, ही रेघ मुद्दाम सोडलीत का हो तुम्ही?"

यांनी तोंड उघडलं. पण त्याआधी छापखान्याचे मालक बोलले. "मुद्दामच. नवी ढब आहे. मध्ये सोडल्यानं शाई साचत नाही."

"अस्सं," तो म्हणाला. "छान आहे. अशीच ठेवू."

आणि तशीच ठेवली.

हे मला यांनी सांगितलं तेव्हा मी हातातली पळी खाली ठेवली. "आणि तुम्ही काय बोललात?"

"मी काय बोलू? चार माणसांत मालकाला खोटा पाडू?"

"पाडायचं!"

"मग त्यांनी विचारलं असतं, कापली का. मग 'राजमान्य राजश्री' सांगा. मग नटाचं नाव सांगा. सगळी अब्रू चव्हाट्यावर." मग म्हणाले, "रेघ गेली ती गेलीच ना."

मी यांच्यावर त्या दिवशी चिडले ती मालकांवर चिडले त्याहून जास्त. शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. सगळ्यांची अब्रू सांभाळायची यांनीच का? मालकाला अब्रू, व्यवस्थापकाला अब्रू, त्या मिशा काढून लुगडं नेसणाऱ्याला अब्रू. ज्यानं कोरलं त्याच्या अक्षराला काहीच नाही? यांनी ऐकून घेतलं आणि भात कालवला.

पुढच्या वर्षी आम्ही लालबागला यांच्या चुलतबहिणीकडे बारशाला गेलो होतो. गिरणीच्या भिंतीला लागून चालत होतो, आणि हे एकदम उभे राहिले. समोर जाहिरात. नाटकाची नव्हे, कसल्याशा सालसाची, रक्तशुद्धीच्या औषधाची. दुसऱ्या कुठल्या छापखान्यानं छापलेली. पण अक्षर तेच. उंच, काळं, अंग चोरून उभं, प्रत्येक कान्याला टाच, आणि माथ्यावर फट, फट, फट. कारखान्यानं इमानेइतबारे ओतलं होतं. करवत जिथे जिथे तिरकी गेली तिथे तिथे साच्यातही तिरकी. 'र', 'ज', 'म', 'न', 'य', 'श', आणि त्या नटाच्या नावातली अक्षरं, म्हणजे रोज लागतात ती सगळी तुटकी. 'ढ' आणि 'ळ' मात्र अखंड, कारण त्यांना त्या ओळीत काम नव्हतं. वाक्यात कुठे 'ळ' आला की क्षणभर यांचं खरं अक्षर दिसायचं, आणि पुन्हा तुटायचं.

"पोचलं गो," हे म्हणाले. एवढंच. बारशाला घुगऱ्या घेतल्या नाहीत.

त्यानंतर छापखान्यातून दोनदा बोलावणं आलं, हे गेले नाहीत. अक्षरांच्या बारीक छिन्न्या तेल लावून फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. पोळपाट करू लागले, पाट, चौरंग, कुणाच्या पाळण्याची दांडी. मी म्हणून पाहिलं, रागावून पाहिलं. दुसरं अक्षर करा, याहून चांगलं करा, दुसऱ्या छापखान्याला द्या. म्हणायचे, "करीन." कोरणाऱ्या माणसाचा हात असा पोळपाट गुळगुळीत करत बसलेला पाहणं किती कठीण असतं, ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. मला आपल्या घरात काहीतरी हळूहळू विझतंय असं वाटायचं, आणि विझवणारे लोक गिरगावात पागोटी घालून मजेत फिरत होते.

एके सकाळी मी बाजाराला निघाले. वाडीच्या दिंडीच्या खांबावर नवी जाहिरात, खळ अजून ओली. तीच मंडळी, तोच नट, 'राजमान्य राजश्री' अख्खं. आणि फटी. काय झालं मला सांगता येत नाही. मी माघारी फिरले, शेगडीतला एक गार कोळसा उचलला आणि खांबाशी आले. हात वरपर्यंत पुरेना. खांबाशी एक कोळीण रोज मासे घेऊन बसायची, ती म्हणाली, "काय गो बाय, हात पुरत नाय? ये, या पाटीवर उभी रा." तिनं बोंबील फडक्यावर काढले आणि पाटी पालथी घातली. मी चढले आणि पहिली फट कोळशानं जोडली. मग दुसरी. मग पुढची.

जाहिराती चिकटवणारा पलीकडच्या खांबाशी होता. तो धावत आला. "ओ बाई! छापील कागदावर काय लिहिताय?"

"लिहीत नाही. रेघ ओढतेय."

"कसली रेघ?"

"जी तुमच्या छापखान्यानं कापली ती."

त्याला काही कळलं नाही. माणसं जमली. कचेरीला निघालेला एक गृहस्थ म्हणाला, बायकांनी आता भिंतीही सोडल्या नाहीत. मी वरूनच म्हटलं, "तुमच्या पागोट्याचा पीळ सुटलाय, तो बघा आधी." कोळीण एवढी हसली की पाटी हलली. मी ओळ पुरी केली, खाली उतरले, चार पावलं मागे जाऊन पाहिलं. जवळून वेडंवाकडं होतं. लांबून शब्द उभा राहिला होता. फुटपाथवर एवढ्या लोकांत मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

मग ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत जेवढे खांब दिसले तेवढे मी जोडत गेले. भाजी राहिली ती राहिलीच.

जेवायला वाढताना माझी बोटं काळी. यांनी पाहिलं. "कोळसा कसला?"

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. सगळं सांगितलं, पाटीसकट. हे भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, चार लोकांत शोभा केलीस. तुकडा पानात ठेवला. मग म्हणाले, "कुठल्या बाजूनं ओढलीस?"

"डावीकडून."

"नुसत्या हातानंच?"

"मग काय पायानं?"

"वाकडी आली असेल."

"आलीच. मला काय तुमच्यासारखा हात आहे?"

हे जेवले, हात धुतले आणि माळ्यावर चढले. मी खाली उभी राहून ऐकत होते. काहीतरी सरकवल्याचा आवाज, फडकं झटकल्याचा. हेदीचा उरलेला एक तुकडा घेऊन खाली आले, आणि छिन्न्यांची गुंडाळी. किती दिवसांनी ती खाली आली होती! मी आवाज न करता भांडी घासत होते. दुपारभर ओसरीवर रंध्याचा आवाज येत होता. पुन्हा पुन्हा उठून हे हातातलं लाकूड उजेडासमोर धरून पाहत होते.

संध्याकाळी माझ्या हातात एक पट्टी दिली. लांब, पातळ, कड अशी की बोट फिरवलं तर लागेल. "हात हलतो तुझा," म्हणाले. "ही धरून ओढ."

मी विचारलं, "आणि अक्षर?"

"ते झालं ना करून," हे म्हणाले. "ते पोचलंय. रेघ तेवढी राहिलीय."

त्यानंतर यांनी अक्षर कोरलं नाही. हेदीच्या लाकडाची यांच्या हातची शेवटची वस्तू ती पट्टी. तिची एक कड कोळशानं काळी झाली आहे, धुतली तरी जात नाही. आज सकाळीच दिंडीच्या खांबावर नवी जाहिरात लागलीय. भाकऱ्या झाल्या की जाईन.